पायाळू पोरीचा उजवा पाय

माझी पोरगी आली ती पायांकडून. सिझर झालं, पण पोट उघडलं तेव्हा आधी पायच हाती लागले, असं सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं. बाहेर माझा नवरा आणि माझे सासरे उभे होते. सिस्टरनं सगळं नीट सांगितलं: मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत, पण बाळाचा उजवा पाय आत वळलेला आहे, तो हाडांच्या डॉक्टरला लवकर दाखवा. सासऱ्यांनी त्यातलं 'आधी पाय' तेवढं घेतलं आणि तिथूनच गावात फोन लावला.

आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण ज्यांच्या घरी पोरं डोक्याकडूनच येतात त्यांच्यासाठी सांगते. पायांकडून जन्मलेला तो पायाळू. पाठीत उसण भरली, कमरेत लचक आली, की पायाळूची लाथ खायची. दुखणारा माणूस पाठ उघडी करून वाकतो, पायाळू पाय लावतो, माणूस सरळ होतो. नाही झाला तर त्याचा विश्वास कमी पडला, यात पायाळूचा दोष नाही. आमच्या गावचा पायाळू कामासाठी हैदराबादेकडे निघून गेला होता आणि तेव्हापासून गावाच्या पाठी वाऱ्यावर होत्या.

सासऱ्यांचंही एक दुखणं होतं. ते ग्रामपंचायतीला पडले होते. माणूस पडला की त्याच्या ओट्यावरचा चहा पडतो. पूर्वी सकाळी दहा-बारा लोक बसलेले असायचे, आता कोणी फिरकत नव्हतं. मामाजी, म्हणजे सासरे, एकटेच पेपर वाचायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्याला उगाच आवाज द्यायचे. मी पोरीला घेऊन घरी आले तेव्हा मात्र ओटा भरलेला होता. टाके सांभाळत मी पायऱ्या चढते आहे आणि समोर शेजारचे काका कमरेवर हात ठेवून उभे.

"सूनबाई, तू आत जाय," मामाजी म्हणाले, "पोरगी माह्यापाशी दे. काकाचं जरा काम हाये."

पण पंचाईत झाली. कोणीतरी शंका काढली की हे सिझरचं पायाळू आहे, हे चालते काय? ओट्यावर त्याच्यावर चांगली चर्चा झाली. मी आत खाटेवर पडून ऐकत होते. शेवटी मामाजींनी निकाल दिला, "दार कोन्तंबी असो, आली त पायाकडूनच ना." मग माझ्या नऊ दिवसांच्या पोरीचा पाय काकांच्या कमरेला लावला गेला. तिनं काय लाथ मारायची, ती झोपेत होती. काका म्हणाले, उतरली. त्यांना गेले कित्येक दिवस घरी कोणी विचारत नव्हतं हेही खरं, पण ते सरळ होऊन चालत गेले, हे मी खिडकीतून पाहिलं.

आता तो पाय कसा होता ते सांगते. डावा पाय चांगला, गुबगुबीत. उजवा घोट्यापासून आत वळलेला, तळवा दुसऱ्या पायाकडे बघणारा, टाच वर चढलेली. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातानं सरळ करून पाहिला, तर सोडल्याबरोबर तो परत वळला. मी खूप रडले. ही उभी राहील तेव्हा पावलाच्या बाजूवर उभी राहील, पोरं तिच्या चालण्याची नक्कल करतील, हे सगळं मला त्या एवढ्याशा पायात दिसत होतं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते मला त्या दिवसांत ऐकवत नव्हतं.

आणि ओट्यावर काय ठरलं, तर वाकडा पायच जास्त गुणाचा. सरळ पाय पाठीवर नुसता टेकतो. हा बरोबर कण्याच्या खोलगटात बसतो, जणू मापानं केला आहे. मामाजी हे लोकांना पोरीचा पाय हातात धरून दाखवायचे. लोक पैसे देऊ लागले तर घेत नसत, पैशानं गुण जातो म्हणायचे. मग लोक भोपळे आणायचे. आमच्या घरात त्या पावसाळ्यात इतके भोपळे झाले की नवरा ताटावर बसायच्या आधी विचारायचा, आज कशात घातला?

तीन आठवड्यांनी मी पोरीला यवतमाळला घेऊन गेले. मामाजी बरोबर आले, मी सांगितलं नव्हतं तरी. लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर एक बाई होती, पुण्याकडची, बारीक, चष्म्याची, आणि बोलायला तिखट. तिनं पोरीचा पाय हातात घेतला, इकडेतिकडे हलवला आणि म्हणाली, "बरा होतो. पूर्ण बरा होतो. दर आठवड्याला यायचं. पाय हलक्या हातानं थोडा सरळ करायचा, प्लास्टर घालायचं. पुढच्या आठवड्यात काढायचं, अजून थोडा सरळ करायचा, नवीन घालायचं. पाच-सहा वेळा. मग टाचेमागची आखडलेली शीर छोट्या छेदानं मोकळी करायची. मग बूट. पण एक आठवडाही चुकवायचा नाही."

मी रडायलाच लागले, आनंदानं. मामाजी विचारात पडले होते. ते खुर्ची पुढे ओढून अगदी आदरानं म्हणाले, "डॉक्टरबाई, प्लास्टर डाव्याले घातलं त नाई चालत काय?"

डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "डावा चांगला आहे."

"म्हनूनच म्हंतो. चांगल्याले काय होते."

ते जमत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरा अर्ज टाकला. तळव्यापाशी प्लास्टरला एक खिडकी ठेवता येईल काय? कशासाठी, तर हवा लागायला. डॉक्टर म्हणाली, बाळाच्या पायाला हवेची काही गरज नाही. मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

बोटांपासून मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर घालून पोरगी घरी आली. ओट्यावर शोककळा. एका मनुष्यानं प्लास्टरसकट लाथ घेऊन पाहिली. त्याच्या कमरेवर चांगलं टेंगूळ आलं आणि उसण होती तशीच राहिली. मामाजी म्हणाले, बरोबर आहे, प्लास्टरमधून करंट पास होत नाही. त्यांनी तरुणपणी वायरमनच्या हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे हे कोणी खोडून काढलं नाही.

पण गावाला लवकरच कळलं की दर आठवड्याला जुनं प्लास्टर निघतं आणि नवीन घालायच्या आधी पाय अर्धा तास उघडा असतो. हे कोणी सांगितलं ते मला माहीत आहे, त्याचं नाव घेत नाही, तो माझ्या शेजारी झोपतो. दुसऱ्या आठवड्याला मी बोरी अरबच्या स्टँडवर यवतमाळच्या एसटीत चढले, तर अर्ध्या गाडीत आमच्या गावचे वाकडे लोक. कोणी काठी घेऊन, कोणी कमरेला उपरणं आवळून. दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीबाहेर हे सगळे रांगेत बसले. ज्यांच्या मांडीवर पोर नाही असे ते एवढेच.

प्लास्टर काढणारा माणूस शांत होता. टबात पाणी, त्यात पोरीचा पाय, आणि भिजलेली पट्टी हळूहळू सोडवायची. दिवसभर त्या ठेंगण्या स्टुलावर वाकून तेच काम. पाय मोकळा झाला, मामाजींनी दार किलकिलं करून पहिल्याला आत घेतलं. त्यानं सदरा वर केला. मामाजींनी पोरीचा पाय धरून लावला. मग दुसरा. मी म्हणत होते, मामाजी, डॉक्टरबाई येतील. मामाजी म्हणत होते, दोनच राह्यले. प्लास्टरवाला सगळं पाहत होता. चौथा माणूस बाहेर गेला तसा तो उठला, हात पुसले, ॲप्रन वर केला आणि आमच्याकडे पाठ करून भिंतीला हात टेकून उभा राहिला.

नेमकी तेव्हाच डॉक्टर आत आली.

"हे काय चाललंय?"

तेव्हा दाराशी बसलेली याडी बोलली. याडी म्हणजे आमच्या गावालगतच्या तांड्यावरची म्हातारी. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि सगळेच तिला याडी म्हणतात. याडीनं डॉक्टरला पायाळू म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं, हातवारे करून. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ज्याची पाठ दुखते त्यानं मोठ्यांच्या हाडांच्या डॉक्टरकडे जायचं, पलीकडची खोली. मी फक्त लहान मुलांची हाडं पाहते."

"आमीबी कोनाचे लेकरंच हावो ना, बाई," रांगेतला एक सत्तरीचा म्हातारा म्हणाला.

डॉक्टर हसली नाही. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं. प्लास्टरवाल्याला तिनं दुसऱ्या दिवसापासून उंच स्टूल दिलं, हे मला पुढे त्यानंच सांगितलं. त्याची पाठ त्या स्टुलानं बरी झाली, पण तो श्रेय माझ्या पोरीला द्यायचा.

मी मात्र पायाकडे पाहत होते. दर आठवड्याला पाय बाहेर येत होता, थोडा थोडा. पाचव्या प्लास्टरनंतर तळवा खाली बघू लागला. सहाव्यानंतर टाचेमागची शीर मोकळी केली, तीन आठवडे शेवटचं प्लास्टर. ते निघालं आणि बूट आले. दोन छोटे बूट, मध्ये एक आडवी पट्टी, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला धरून ठेवणारे. डॉक्टरनं मला समोर बसवून चार वेळा घालायला लावले. टाच बुटात पूर्ण खाली बसली पाहिजे, पट्टा घट्ट. तीन महिने तेवीस तास. एक तास मोकळा, अंघोळ आणि पाय हलवायला. नंतर फक्त झोपेत, पण चार वर्षांची होईपर्यंत.

"प्लास्टर मी घालते," ती म्हणाली, "बूट तुम्ही घालता. पाय परत वळतो तो इथेच वळतो. परत परत वळला तर मोठं ऑपरेशन, आणि तो पाय मग कायमचा आखडतो."

हे मी मामाजींच्या समोर ऐकलं. ते मान हलवत होते.

तेव्हा कापूस फुटला होता. वेचायला बाया मिळेनात, म्हणून मीही जायची. शेत नाल्यापलीकडेच. सकाळी आठला पोरीची अंघोळ, तो मोकळा तास, मग बूट घालून तिला मामाजींजवळ द्यायची. दुपारी येऊन पाजायची, परत जायची, सांजेला यायची. दुपारी बूट पायात, सांजेला बूट पायात. मी निर्धास्त. मामाजी नातीला किती जीव लावतात म्हणून मी शेतात बायांना सांगायची. बायाही अगदी कौतुकानं ऐकायच्या. आता मला कळतं, त्यातल्या निम्म्या बाया आदल्या दिवशी पाठ दाखवून आलेल्या होत्या.

संक्रांत झाल्यावर तपासायला गेले. डॉक्टरनं उजवा पाय हातात घेतला, वर वाकवला. पुन्हा वाकवला.

"बूट किती तास घालता?"

"तेवीस."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यली मी," मी म्हणाले. घाबरले की माझं शाळेतलं मराठी पळून जातं. "पोरीची शप्पत."

"पाय परत वळतोय," ती म्हणाली. "टाच चढली आहे. पुन्हा प्लास्टर."

मला ती खोटारडी समजते आहे हे दिसत होतं आणि मला काही सिद्ध करता येत नव्हतं. पोरीला पुन्हा मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. एसटीत बसले तेव्हा डोळ्यांतलं पाणी थांबेना. शेजारी याडी बसलेली होती, बाजार करून परत चाललेली. तिनं पोरीच्या पायाकडे पाहून चुकचुक केली.

"आता कसं वं बाई? आमची वेचनी अजून बाकी हाये," ती म्हणाली. "परवा दुपारी मी आल्ती तवा चांगली मारली लाथ. तुहा सासरा लय चांगला मानूस. कदीबी जा, कटकट करत नाई, बूट काढून देते."

मी तिला दोनदा विचारलं. कधीही? कधीही. दिवसातून किती जण? तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी पुढचं ऐकलं नाही. बूट काढायला एक मिनिट लागतं. घालायला कसब लागतं. मामाजी मी यायच्या आधी घाईघाईनं बूट चढवत असणार, टाच वरच लोंबत असणार, आणि वरून पाहिलं तर पट्टा लावलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी याडीला काही म्हणाले नाही, तिचा काय दोष.

घरी गेले तर ओट्यावर चारपाच जण. मामाजींच्या हातात कप. मी पोरीला नवऱ्याच्या हातात दिली आणि ओट्याच्या मधोमध उभी राहिले. सासऱ्यांपुढे मी कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, त्या दिवशी तो कुठे होता मला आठवत नाही.

"मामाजी, तुमाले ओट्यावर लोकं पायजेत," मी म्हणाले. "मले माही पोरगी चालाले पायजे. पाय वापस वाकडा झाला. तुमी केला. एकेकाची कंबर सरळ करता करता माह्या लेकराचा पाय तुमी वाकडा केला."

नवरा म्हणाला, "अवं, दोघायचंबी बराबर हाये." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पोरीला घेऊन गोठ्याकडे गेला. बाकीचे लोक उठले. आलेल्यांपैकी एकाला उसण होती, तो लाथेशिवायच भराभर चालत गेला.

मामाजींनी कप खाली ठेवला आणि पोरीच्या रिकाम्या पाळण्यापाशी जाऊन बसले. त्या रात्री जेवले नाहीत. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला ते दारातूनच सांगू लागले, "गुन गेला. पाय सरळ केला न डॉक्टरनं, त्याच्यात गेला." लोक हळहळले. गेलेला गुण सुईदोऱ्यानं परत शिवता येतो का, असंही एकानं विचारलं. मग लोक यायचे थांबले. ओटा पुन्हा रिकामा झाला. मामाजी एकटेच पेपर वाचू लागले. मला वाटलं, चला, त्यांचाही विश्वास उडाला. तसं नव्हतं. एकदा मी दूध घेऊन बाहेर आले तर ते पोरीच्या प्लास्टरवर हात ठेवून तिला सांगत होते, "गुन हाये वो बाई तुह्या पायात. मी खोटं बोल्लो लोकाइशी. तुले माहीत असू दे."

तीन प्लास्टरं झाली. पाय पुन्हा सरळ आला. होळीच्या आधी बूट परत आले आणि पुन्हा तेवीस तासांचं सुरू झालं. या वेळी बूट मामाजी माझ्याकडून शिकले. टाच बसली की नाही ते पाहायला ते खाली वाकून चष्मा लावायचे. मोकळ्या तासाला भिंतीवरच्या घड्याळाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि पंचावन्न मिनिटं झाली की खाकरायचे. मला त्याचाही राग यायचा.

मे महिन्यात एका सकाळी त्यांनी कूलरमध्ये ओतायला पाण्याची बादली उचलली आणि तिथेच राहिले. लचक अशी भरली की बादलीही सोडता येईना. दोघांनी धरून खाटेवर आणलं. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी, तसे ते पडले ते तसेच. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, शेक झाला. संडासला न्यायला दोन माणसं लागायची आणि अख्ख्या गल्लीला ओरडणं ऐकू जायचं. लोक भेटायला यायचे आणि हळूच म्हणायचे, गुण गेला नसता तर आज किती कामी आला असता. मामाजी भिंतीकडे तोंड करून हो म्हणायचे.

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. मी त्या लाथेवर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही ठेवत नव्हते. पण म्हातारा माणूस चार दिवस कण्हतो आहे आणि त्याला ज्या औषधाचा भरवसा आहे ते माझ्या कडेवर आहे. मोकळा तास होता. पोरीची अंघोळ करून मी तिला खाटेजवळ नेलं.

"मामाजी, एक डाव लावू काय पाय? उजवा?"



"नाई," ते म्हणाले. "तो तास तिचा हाये. डॉक्टरबाईनं सांगतलं, जमिनीले पाय लागू द्या म्हनून. खाली ठेव तिले."

"एक मिनिट लागते, मामाजी."

"एक एक मिनिटानंच झालतं मांगं," ते म्हणाले. "ठेव खाली."

मी तिला फरशीवर ठेवलं. ती रांगत खाटेपाशी गेली. तेव्हा ती नऊ महिन्यांची होती आणि उभं राहायचं तिच्या डोक्यात घोळत होतं, पण आतापर्यंत गुडघ्यांवरच जमायचं. तिनं नवारीची पट्टी पकडली, ढुंगण वर केलं, एकदा पडली, परत पकडली आणि उभी राहिली. डुलत होती. मी तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" भिंतीकडून आवाज आला.

"उभी राह्यली."

"टाच टेकली काय?"

मी फरशीवर गाल टेकवून आडवी झाले आणि पाहिलं. उजवी टाच. तिच्याखाली बोट घालून पाहिलं, बोट जाईना.

"टेकली, मामाजी. पूर्न टेकली."

मामाजी वळले. कोणाच्या हातावाचून, कुठेही न थांबता, आईवं, आईवं करत त्या अरुंद खाटेवर ते या कुशीवर आले आणि डोकं कडेवरून खाली सोडून त्यांनी तो पाय पाहिला. ते रडत होते, ते पाठीमुळे की पायामुळे हे मी विचारलं नाही. मीही रडत होते. पोरीला आधाराला हातापाशी त्यांचा कान सापडला, तो तिनं धरला. मामाजींना आता पुढेही सरकता येईना आणि मागेही. नवरा शेतातून येईपर्यंत ते तसेच लोंबकळत राहिले, कान तिच्या मुठीत, डोळे तिच्या टाचेवर, आणि तशातच मला म्हणाले, "सूनबाई, तास झाला असन. बूट घाल."